उप्पीट खाऊन केलेली चौकशी

माझ्या हातून आयुष्यात एकही दरोडेखोर पकडला गेलेला नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या संपादकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या पोलिसी आयुष्यातला एखादा थरारक अनुभव द्या की दिवाळी अंकाला." मी बरंच डोकं खाजवलं. थरारक म्हणावा असा प्रसंग एकच आठवला, आणि त्यात पिस्तूल नाही, उप्पीट आहे. बाई म्हणाल्या, चालेल.

मी निपाणीकडचा. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि बाजारात जी समोरचा बोलेल ती भाषा. तरुणपणी बंगळूरला येऊन पोलिस भरतीला उभा राहिलो तेव्हा अंगात फक्त हाडं होती. भरतीत छाती मोजतात ती दोनदा, एकदा साधी आणि एकदा फुगवून. मी जीव खाऊन छाती फुगवली आणि टेप लावणारा जमादार नेमका तेव्हाच शेजारच्याशी चहाबद्दल बोलायला लागला. श्वास सोडला तर नोकरी गेली, म्हणून मी तसाच उभा. शेवटी डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी आडवा झालो. पडलो तेव्हाही छाती फुगलेलीच होती, म्हणून पास केलं, असं आमचे भरतीतले दोस्त अजून सांगतात.

लोकांना वाटतं, पोलिस व्हायला पळता आलं की झालं. तसं नसतं. अर्ज, उंची, छाती, धावणं, उडी, गोळाफेक, लेखी परीक्षा, मुलाखत, डॉक्टर, असं एकेक दार ओलांडत उमेदवार शेवटच्या दारापर्यंत येतो, आणि तिथे त्याचं नशीब त्याच्या शेजाऱ्यांच्या तोंडी असतं. उमेदवार जिथे राहतो तिथल्या ठाण्यातून एक माणूस जातो आणि गल्लीत विचारतो, हा माणूस कसा आहे? दारूबिरू? भांडणतंटा? त्याच्या अहवालात चार ओळी असतात, पण त्या वाकड्या गेल्या की मैदानावर गाळलेला सगळा घाम फुकट. दक्षिण बंगळूरमधल्या आमच्या ठाण्यात नव्वदच्या दशकात तो एक माणूस म्हणजे मी, हेड कॉन्स्टेबल चौगुले. साहेबांनी मलाच का निवडलं, तर मला चार भाषा येत होत्या. चोराच्या मागे धावायला माझं पोट आड येत होतं हेही एक कारण होतं, पण ते साहेब तोंडावर बोलले नाहीत.

या कामाची एक रीत असते. आधी शेजारी, मग घर. आणि जायचं ते साध्या कपड्यांत, कारण खाकी दिसली की निम्मी गल्ली दारं लावून घेते आणि उरलेली निम्मी स्वतःच्या तक्रारी घेऊन बाहेर येते. मी पांढरा शर्ट आणि राखी पँट घालून जायचो. बूट मात्र खात्याचेच, तपकिरी, कारण दुसरे नव्हतेच. पण माझ्याकडे बघून कुणाला पोलिस वाटणार नाही, याचा मला फार अभिमान होता.

एका पठ्ठ्याने तर अख्खी गल्ली पढवून ठेवली होती. मी तीन घरी गेलो. पहिल्या घरी कन्नडमध्ये, दुसऱ्या घरी तमिळमध्ये आणि तिसऱ्या घरी उर्दूत मला एकच वाक्य ऐकायला मिळालं, "हा मुलगा म्हणजे आमच्या भागाचं भूषण आहे." तिसऱ्या घरातल्या आजोबांनी तर तो मुलगा कोण, हे मलाच विचारलं. जे. पी. नगरात एकदा पुण्याहून आलेला एक कॉम्प्युटरवाला पोरगा शेजारी म्हणून भेटला. "अ‍ॅक्च्युअली मी इथे कुणालाच ओळखत नाही," म्हणाला. मी मराठीत बोलल्यावर मात्र त्याचा बांध फुटला आणि घरमालकापासून सांबारातल्या गोडव्यापर्यंत सगळं त्याने मला ऐकवलं. उमेदवाराबद्दल एक अक्षर नाही. मी लिहिलं, "शेजाऱ्यांची तक्रार नाही."

तर आता सरोजा पिसे.

बनशंकरीतली मुलगी, सबइन्स्पेक्टरच्या जागेसाठी निवड झालेली. बाई सबइन्स्पेक्टर ही तेव्हा आमच्या ठाण्यात कौतुकाची गोष्ट होती. मैदानावर बंदोबस्ताला गेलेले आमचे लोक सांगत होते, ही मुलगी धावण्यात सगळ्यांच्या पुढे आणि गोळा असा फेकते की मोजणारा मागे सरकला. मीही मनात म्हटलं, चला, एकदा तरी सरळ काम आलं.

रीतीप्रमाणे आधी शेजारीण. जयम्मा नावाच्या बाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मी "पिसेंच्या सरोजाबद्दल जरा विचारायचं होतं," एवढं म्हणताच त्यांनी शेंगा बाजूला सारल्या.

"बन्नी सार, कूतकोळ्ळी," म्हणून त्यांनी मला बसवलंच आणि सुरुवात केली. मुलगी म्हणजे गाय. आवाज? या घरातून त्या घरात ऐकू येणार नाही. अंधार पडला की उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. झुरळ दिसलं तरी किंचाळते, इतकी कोवळ्या मनाची. आणि देवभक्ती तर विचारूच नका. रोज पहाटे देवळात जाते आणि इतक्या प्रदक्षिणा घालते, इतक्या घालते, की परत येते ती घामाने निथळत.

मी ऐकत राहिलो. माझी पेन्सिल मात्र थांबली. भरतीच्या उमेदवाराची तारीफ मी पुष्कळ ऐकली होती, पण ती शूर आहे, धडधाकट आहे अशी. सबइन्स्पेक्टर होणारी मुलगी झुरळाला घाबरते, हे कुणी कौतुकाने सांगेल असं वाटलं नव्हतं.

मग घर. दारात बूट काढले. "पिसेंचं घर हेच ना? मी चौगुले. सरोजाच्या संदर्भात..."

"या हो या! सकाळपास्नं वाट बघतोय की तुमची," सरोजाची आई म्हणाली. मला वाटलं, मुलीने घरी सांगून ठेवलेलं दिसतं. चौकशीवाल्याची वाट बहुतेक घरी बघतातच. मी पंख्याखालच्या खुर्चीत बसलो.

माझे प्रश्न ठरलेले. मूळ गाव कुठलं, बंगळुरात कधीपासून, घरात कोण कोण, मुलीचं शिक्षण काय. आईने सगळं भरभरून सांगितलं. पिढ्यान्पिढ्या बंगळुरातले, शिंपीकाम, सरोजाच्या वडिलांचं शिवाजीनगरात दुकान, ते येतीलच एवढ्यात. मी विचारलं, "घराण्यात कुणाची पोलिस-कोर्ट भानगड?"

"शिव शिव!" आईने कानाला हात लावले. "आमच्या दारात पोलिसाची सावलीसुद्धा कधी पडली नाही."

आतल्या खोलीच्या दारात भांड्यांचा खणखणाट झाला. सरोजा उभी होती. नेसायला जांभळी रेशमी साडी, डोक्यात मल्लिगेचा गजरा, हातात ट्रे आणि ट्रेमध्ये उप्पीट, केसरी म्हणजे आपला गोड शिरा, आणि काफी. माझा प्रश्न ऐकून तिच्या हातातला ट्रे कलला होता. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी आजवर ज्यांना पकडलं नाही त्या सगळ्या चोरांनी मिळून पाहिलं नसतं.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उप्पीट फार छान झालं होतं. मी दुसरा घास घेतला आणि आई म्हणाली, "स्वल्प केसरी घ्या की. सगळं तिनंच केलंय. आता तुमच्या भाच्याला पसंत पडली म्हणजे आम्ही सुटलो."

मला भाचा नाही. बहीणच नाही तर भाचा कुठून येणार? उप्पिटाचा घास जागच्या जागी थांबला. मध्यस्थाने सांगितलेले मुलाचे मामा, बंगळुरातच राहणारे, आधी घर बघून जाणार असलेले, ते यांना माझ्यात दिसले होते. जयम्मांना आणि आईला मी मामा वाटलो होतो, आणि सरोजाने घरी काहीच सांगितलेलं नव्हतं.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. सरोजाने ट्रेच्या आडून मान हलवली. नको. त्या एका हालचालीत इतकी विनवणी होती की मी तोंड उघडलंच आहे तर केसरी खाल्ली.

तेवढ्यात वडील आले. नामदेवअण्णा पिसे, गळ्यात टेप तसाच लटकलेला. ते उंबऱ्यात जरा थबकले, मग आत येऊन माझ्यासमोर बसले आणि शांतपणे बोलू लागले. त्यापुढे जयम्मा काहीच नव्हत्या.

"पोरगी लई नाजूक आहे बघा. भरलेली बादली उचलत नाही. रक्त बघितलं की चक्कर. कुत्रं भुंकलं की रस्ता बदलते. पळणं सोडाच, जरा भरभर चालली तरी धाप लागते तिला."

"अहो, एवढं काय नाही," आई कसनुसं हसत म्हणाली.

"सरी सरी, असू दे. आपण खरं ते सांगावं," अण्णा माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले.

आता माझ्यातला पोलिस जागा झाला. भरतीत एक लबाडी चालायची. उमेदवार एक, आणि मैदानावर त्याच्या नावाने पळणारा दुसराच. या मुलीला भरभर चालताना धाप लागत असेल, तर मैदानावर सगळ्यांच्या पुढे धावली ती कोण? अशा वेळी अहवालात एकच शब्द लिहायचा असतो, "शंका". तो लिहिला की कागद तळाला जातो आणि कागद वर येईपर्यंत ट्रेनिंगची तुकडी निघून गेलेली असते. न लिहावा तर माझी नोकरी. आणि घरच्यांसमोर विचारावं तर मुलीचं गुपित उघड. मला दुसरं काही सुचेना. मी उठलो, हात जोडले आणि म्हणालो, "बरं आहे. आम्ही कळवतो."

मुलगी बघायला आलेले लोक हेच म्हणतात आणि पोलिसही हेच म्हणतात. आईचा चेहरा पडला. सरोजाचा त्याहून पडला. मी दारात पायांना लागेल ते घातलं आणि जवळजवळ पळतच स्टॉप गाठला. सिटी बस उभीच होती. कंडक्टर "रैट!" म्हणाला आणि मी खिडकीशी बसून घाम पुसला.

संपादकीणबाईंना हवा असलेला थरार इथून सुरू होतो.

बस जेमतेम वेग घेते तोच मागून गलका ऐकू आला. मी खिडकीतून डोकं काढलं. जांभळी साडी रस्त्याच्या मधोमध धावत येत होती. निऱ्या वर खोचलेल्या, गजरा सुटून पाठीवर. गल्लीतलं कुत्रं भुंकत तिच्या पायांशी आलं. तिने न थांबता "हडी!" असं काही ओरडून सांगितलं की ते शेपूट घालून गटाराकडे गेलं. पुढे टेलिफोनवाल्यांनी रस्ताभर खणलेला चर होता. अख्खी बनशंकरी त्यावरच्या फळीवरून देवाचं नाव घेत जायची. सरोजाने फळीकडे पाहिलंही नाही. ती चराच्या अलीकडे होती, मग पलीकडे होती. मध्ये काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही.

"निल्सी!" ती ओरडली. या घरातून त्या घरात ऐकू न जाणारा तो आवाज ड्रायव्हरपर्यंत सरळ पोचला. कंडक्टर "होल्डान!" म्हणायच्या आत त्याने ब्रेक लावला होता. सरोजा मागच्या दाराने चढली, माझ्यासमोर ताठ उभी राहिली आणि भरल्या बसमध्ये म्हणाली,

"सार, ते सगळं खोटं आहे. मी कुत्र्याला घाबरत नाही. मला धाप लागत नाही. मी देवळात जात नाही, देवळामागच्या मैदानात पळते. तुम्ही काय लिहायच्या आत सांगायला आले."

तिला खरंच धाप लागलेली नव्हती. लागली होती ती मला, आणि मी बसलेला होतो.

"तिकीट?" कंडक्टर म्हणाला. आम्ही दोघं खाली उतरलो. आमच्या मागोमाग, उतरायचा स्टॉप चुकलेले एक जाडजूड गृहस्थ उतरले. डोक्यावर काळी टोपी, हातात सफरचंदांची पिशवी. त्यांनी मला विचारलं, "पिसेंचं घर कुठं आलं हो? मुलगी बघायची आहे."

गल्ली एव्हाना आमच्यापर्यंत पोचली होती. पुढे जयम्मा, मागे आई, आणि सगळ्यांच्या मागे फळीवरून जपून येणारे अण्णा. त्यांच्या हातात माझे तपकिरी बूट होते. मी खाली पाहिलं. माझ्या पायात त्यांच्या चपला होत्या.

"ही काय मुलगी," अण्णा त्या गृहस्थांना म्हणाले.

गृहस्थांनी मुलीकडे पाहिलं, चराकडे पाहिलं, अजून तिथेच उभ्या असलेल्या बसकडे पाहिलं. सफरचंदांची पिशवी छातीशी धरून ते म्हणाले, "आम्ही कळवतो." आणि त्याच बसमध्ये परत चढले.

"म्हणजे?" आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे मामा नव्हेत?"

अण्णांनी बूट माझ्यासमोर ठेवले. "साहेब, खात्याचे बूट घालून कुणी मुलगी बघायला येतं काय? उंबऱ्यातच ओळखलं मी. पोलिसांचे कपडे शिवण्यात जन्म गेला माझा."

माझ्या साध्या वेषाच्या अभिमानाचं जे व्हायचं ते झालं. "मग ती बादली, ते कुत्रं..."

"मुद्दाम सांगितलं. पहाटे देवळात जाणाऱ्या पोरीच्या पायाला एवढी लाल माती लागते कशी, हे कळत नाही होय मला?" मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, नवे कपडे शिवायला येतात तसे फाटलेलेही माझ्याकडंच येतात. दगडफेक झाली की दुसऱ्या दिवशी शर्ट येतात. डाग असतात. मी धुतो, रफू करतो, काय झालं ते विचारत नाही. तसला शर्ट माझ्या पोरीचा नको. एवढंच."

जयम्मांना मराठी फारसं येत नव्हतं, पण त्यांनीही पदर डोळ्यांना लावला. मलाही गलबलून आलं. माझ्याही घरी बायको फाटका शर्ट बघून काही विचारत नसे, आणि ती विचारत का नाही, याचा मी कधी विचार केला नव्हता.

सरोजा म्हणाली, "अप्पा, मला दुसरं काही नाही करायचं."

अण्णा चराजवळ गेले. त्यांनी गळ्यातला टेप काढला, रुंदी डोळ्यांनीच मापली आणि टेप परत गळ्यात टाकला. "हा साडीत ओलांडलास?"

"हो."

"निऱ्या सुटल्या?"

"नाही."

ज्या मुलीला भरभर चालता येत नाही असं आत्ता सांगितलं, तिला धावताना त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं. मग माझ्याकडे वळून ते जवळजवळ रागानेच म्हणाले, "लिहा तुम्हाला काय लिहायचं ते. पण पँट मी शिवणार. बाहेरचे शिंपी गुडघ्यात आवळ शिवतात, असली उडी मारली की उसवते. आणि जयम्मांनी तुम्हाला काय सांगितलं ते वाटेत कळलं मला, त्यातलं झुरळाचं तेवढं लिहा, ते खरं आहे."

"अप्पा!" सरोजा म्हणाली.

मी अहवाल लिहिला. वर्तणूक चांगली, एवढंच लिहायचं असतं. मी पुढे "उमेदवार धाडसी आहे" असं जोडलं. साहेबांनी विचारलं, हे कशावरून? मी म्हटलं, स्वतः चौकशी केली आहे. झुरळाचं लिहिलं नाही. ते ऐकीव होतं.

पुढे ट्रेनिंग संपवून ती सबइन्स्पेक्टर झाली आणि दुसऱ्या ठाण्यात थोडा काळ काढून नेमकी आमच्याच ठाण्यात आली. आता ती मॅडम आणि मी हेड कॉन्स्टेबल. चारचौघांत मी सलाम ठोकायचो, ती तो घ्यायची. आजूबाजूला कुणी नसलं की मला "मामा" म्हणायची. काम कडक. तिचा आवाज ऐकून गल्लीतले दादा लोक बसायला खुर्ची असूनही उभे राहायचे.

एकदा तिचा शर्ट फाटला. बाही पार खांद्यापासून उतरली. दुसरा घालून ती म्हणाली, "मामा, अप्पांच्या दुकानात एवढा देता? मी गेले तर उगाच काळजी करतील." मी शिवाजीनगरात गेलो. अण्णा मशीनवर होते. मी पुडकं उघडून समोर ठेवलं आणि त्यांचा पाय मशीनवर थांबला.

त्यांनी बाही उचलून उजेडात धरली. उलटसुलट केली. डाग शोधत होते. शिवणीवरून बोटं फिरवून पाहिली. आयुष्यभर गिऱ्हाइकाला जे विचारलं नाही ते त्यांनी मला विचारलं.

"काय झालं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. सांगावं की नाही? वरिष्ठांची बाब. पण त्या हातांकडे बघवेना.

"झुरळ, अण्णा," मी म्हणालो. "जुन्या फायलींच्या कपाटातून निघालं. मॅडम टेबलावर चढल्या. चढताना कपाटाच्या खिळ्याला बाही अडकली."

अण्णांनी बाही परत उजेडात धरून खिळ्याची फाट शोधली. मग त्यांच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज आला आणि मी घाबरलोच. ते हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना, तेव्हा त्यांनी तीच बाही तोंडाला लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

मग डोळे पुसून त्यांनी सुईत दोरा ओवला. "सांगितलं होतं तुम्हाला," ते म्हणाले. "तेवढं लिहायला पाहिजे होतं."